त्या रात्री मला उठवायचं होतंस

लालबाग, मुंबई

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर परत "आई, तो विषय नको ना" म्हणालीस. मी गप्प बसले, कारण तुझा आवाज भरून आला होता. पण आपलं जुनं कपाट विकताना गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाने तुला ३४,००० रुपयांना फसवलं, तो विषय संपलेला नाही. तू बंगळूरला गेल्यापासून बाबा आणि मी पोलीस ठाण्यात आणि बँकेत जाऊन येतोय, आणि तिथे जे कळलं ते तुला कळायलाच हवं. म्हणून लिहायला बसले. एका बैठकीत वाचवलं नाही तर दोनदा वाच, पण पूर्ण वाच.

आधी पैशांचं. ३४,००० पैकी ६,२०० रुपये एका खात्यात रोखून धरलेत. बाकीचे गेले. तू रात्री पावणेनऊच्या सुमारास पाठवलेस, ते ज्या खात्यात पडले तिथून लगेच तीन वेगळ्या खात्यांत फुटले, आणि त्यातल्या दोन खात्यांतून त्याच रात्री एटीएममधून काढले गेले. तिसऱ्यात जे उरलं होतं ते सकाळी आपण १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केल्यावर अडकलं. हा आकडा मी मुद्दाम पुढे ठेवतेय. त्यावर नंतर बोलते.

तुझ्या मोबाइलमधलं सगळं चॅट मी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणलं. नोकरीत असताना संध्याकाळी कॅश जुळली नाही की एकेक व्हाउचर काढून बसायचे ना, तशीच पेन्सिल घेऊन बसले. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की त्या माणसाने कपाटाबद्दल जवळजवळ काही विचारलंच नाही. गोदरेजचं दोन दारांचं कपाट, तू ८,५०० सांगितलेस, त्याने एक रुपया कमी केला नाही. लांबी-रुंदी विचारली नाही, लॉकरची चावी आहे का विचारलं नाही. मुंबईत जुनं कपाट घेणारा माणूस आधी विचारतो, लिफ्टमध्ये मावेल का! खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं. जो करत नाही त्याला वस्तू नकोच असते.

मग त्याने सैन्यातलं म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवला, सैन्याच्या कँटीन कार्डाचा पाठवला, कुलाब्याला नुकतीच बदली झाली म्हणाला. "मॅडम, आर्मी का पेमेंट सिस्टम अलग होता है" हे वाक्य त्याने चार ठिकाणी लिहिलंय. तू त्याला "जय हिंद" लिहिलंयस. ते वाचून मला भरून आलं गं. आपल्या घरात दादामामामुळे वर्दीविषयी जो आदर आहे तो तुझ्यात लहानपणापासून आहे, आणि त्या माणसाने नेमका तिथेच हात घातला. मी दादामामाला फोन केला. तो इतका चिडला की थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, जवानाचा पगार तुमच्या-आमच्यासारखा साध्या बँक खात्यात येतो, घरचं कपाट घ्यायला कसलं आर्मीचं खातं लागतं? आणि कुठलाही जवान आपलं ओळखपत्र असं व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाला धाडत नाही. ते कार्ड कुणा खऱ्या सैनिकाचं चोरलेलं असेल, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. सैनिक असल्याचं सांगून जुन्या वस्तूंच्या व्यवहारात फसवायची ही पद्धत देशभर वर्षानुवर्षं चालू आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या पद्धतींची एक पुस्तिका काढली होती, तिच्यातही ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या नावाखाली होणारी फसवणूक आहे.

आता त्याने पाठवलेल्या क्यूआरकडे ये. वर तिरंगा, मधे चौकट, खाली ठळक अक्षरांत "रिसीव्ह ८,५००". ती अक्षरं त्याने चित्रावर लिहिली होती. चित्रावर कोणीही काहीही लिहील. चौकटीच्या आत असतो तो ज्याला पैसे द्यायचे त्याचा पत्ता आणि, भरलेली असली तर, रक्कम. आपण तो स्कॅन केला की आपलं ॲप पैसे पाठवायच्या तयारीला लागतं. पैसे घेण्यासाठी आपल्याला काही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर मुळीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, कोण काय म्हणतंय ते सोडून दे. पूर्वी हीच मंडळी पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवून "ओके करा, पैसे येतील" सांगायची. तो प्रकार यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतल्या व्यवहारांसाठी बंद केला. क्यूआर राहिला.

हे तुला माहीत नव्हतं असं नाही. तू रोज वडेवाल्याचा क्यूआर स्कॅन करून पैसे देतेस. मग ते त्या वेळी आठवलं का नाही? कारण त्याने आधी पाच रुपयांचा क्यूआर पाठवला. तुझे पाच गेले आणि लगेच तुझ्या खात्यात दहा आले. खरोखर आले, मी पासबुकात पाहिले. त्या दहा रुपयांत त्याने तुझा विश्वास विकत घेतला. त्यानंतर ८,५०० गेले तेव्हा तू घाबरलीस, आणि त्याने तुला विचार करायला वेळच दिला नाही. "सर्व्हर अटक गया, दुबारा कीजिए, दोनों साथ में आएगा." पुन्हा ८,५००. मग म्हणे आता १७,००० ची एकच एंट्री लागेल, तरच सिस्टीम सगळं उलटं करेल. फोन त्याने एकदाही ठेवू दिला नाही. स्क्रीनवर कुणा भलत्याच बाईचं नाव आलं होतं, तू विचारलंस सुद्धा, तर "वो हमारी अकाउंट ऑफिसर है". म्हणजे तुला शंका आली होती, मुग्धा. तू विचारलंस. उत्तर तयार होतं, कारण तुझ्याआधी तो प्रश्न त्याला शंभर जणांनी विचारला असेल.

काकूचं बोलणं तुझ्या मनाला लागलंय ते मला ठाऊक आहे. "एवढी इंजिनिअर मुलगी आणि..." मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, तुलाही सांगते. माझी उभी नोकरी कॅश काउंटरवर गेली. काउंटरच्या बाहेर ठगांची एक जात फिरायची, म्हाताऱ्या माणसाने पेन्शन काढली की "काका, नोटा मोजून देतो, फाटकी आहे का बघतो" म्हणत जवळ यायची. बोलत बोलत मोजायची, आणि मोजता मोजता चार नोटा तळहातात जायच्या. कोण कोण फसायचं माहितीये? शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक फसले, हिशेबनीस फसले, एकदा तर एका वकिलाला गंडवलं. अक्कल कमी म्हणून फसले नाहीत ते. समोरचा गोड बोलत होता, हात चालू होते, आणि सभ्य माणसाला मधेच "थांब, दे इकडे" म्हणायला जड जातं. तुझंही तेच झालं. तुझ्या शिक्षणाचा याच्याशी संबंध नाही.

आता त्या आकड्याकडे येते. मला राग आला तो त्या रात्रीचा. पावणेनऊला पैसे गेले, साडेनऊला तुला कळलं की फसलो, आणि तू सकाळी पोहे परतताना माझ्याशेजारी येऊन उभी राहिलीस तेव्हा सांगितलंस. रात्री दोनदा पाणी प्यायला उठलीस, मी हाक मारली, "झोप येत नाहीये गं" म्हणालीस. मला वाटलं घर सुटतंय म्हणून. चाळ रिकामी करायची, भांडुपच्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं, बाबांची त्या आठवड्यातली चिडचिड, हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यात आपण ३४,००० घालवले हे कुठल्या तोंडाने सांगायचं, असं तुला वाटलं. हे मी समजू शकते. पण ऐक. त्या बारा तासांत ते पैसे एटीएमच्या फटीतून निघत होते. पोलिसांनी मला स्पष्ट सांगितलं, पहिल्या तासाभरात १९३० ला फोन आला असता तर बरंच वाचण्याची शक्यता होती. त्या नंबरवर तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत लगेच पोचते, आणि खात्यात जे शिल्लक असेल ते तिथेच रोखता येतं. ही सोय २०२१ पासून आहे, रात्री-अपरात्रीही आहे. काय लागतं? तुझा नंबर, बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक. सगळं तुझ्या हातातल्या मोबाइलमध्ये होतं.

तो चोर दोनदा चोरी करतो. एकदा पैसे नेतो, आणि मग आपल्याला इतकी लाज वाटायला लावतो की आपण त्याला पळायला रात्रभर वेळ देतो. पैशांचं मी सोसलं. पण माझी मुलगी शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडते आणि मला उठवत नाही, हे मला सोसत नाही. घर कितीही अडचणीत असू दे, बाबा कितीही तापलेले असू देत, मला उठवायचं. बाबांना कळलं तेव्हा ते काय म्हणाले तुला आठवतंय ना? चप्पल घातली आणि म्हणाले, "चल, कुठे जायचं ते सांग."

बँकेकडून भरपाईची आशा फारशी धरू नकोस. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मला पाठ आहे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. पिन आपणच टाकला असेल तर बँक हात वर करते. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं नुकसान. म्हणूनच लगेच कळवण्याला एवढं महत्त्व.

स्क्रीनवर जिचं नाव आलं ती बाई कदाचित त्यातली नसेलही. पोलीस म्हणाले, ही भाड्याची खाती असतात. कुणाला दोन-पाच हजार देऊन पासबुक, एटीएम कार्ड, सिम सगळं घेऊन टाकतात. मी हे ऐकलं आणि मला आपल्या दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा आठवला. कॉलेजात आहे. टेलिग्रामवर त्याला कुणीतरी "घरबसल्या काम" दिलं होतं, तुझ्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेव आणि पुढे पाठव. त्याची आई माझ्याकडे विचारायला आली म्हणून वाचला. नाहीतर उद्या पोलीस त्याच्या दारात आले असते, आणि त्या पैशांत तुझ्यासारख्या कुणाचा पगार असता. कार्यालयातल्या तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग.

आणि एक गोष्ट घाईची. मंगळवारी तुला "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, १,५०० प्रोसेसिंग भरा" असा जो फोन आला, तो पोलिसांचा नव्हता. मी चौकशी केली. तक्रारीसाठी किंवा पैसे परत देण्यासाठी पोलीस असे पैसे मागत नाहीत. एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना देतात. तो नंबर तू मला पाठव, दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर असे संशयास्पद फोन कळवायची "चक्षू" नावाची सोय आहे तिथे आपण टाकू, आणि तपास अधिकाऱ्यांनाही देऊ. कुणी मोबाइलवर एखादं ॲप घ्यायला सांगितलं तर घेऊ नकोस. त्या ॲपमधून त्यांना तुझी स्क्रीन दिसते.

कपाट तळमजल्यावरच्या ताईंनी नेलं, साडेसात हजारांत. त्यांच्या दोन्ही मुलांनी जिन्यावरून उतरवलं. पैसे रोख दिले, तुझ्या नावाने पाकिटात ठेवलेत.

रोखून धरलेले ६,२०० मिळवायला अर्ज तुझ्याच नावाने लागणार, खातं तुझं आहे. मी मजकूर लिहून मेल केलाय. प्रिंट काढ, सही कर, आधारची प्रत आणि त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट जोड, आणि शुक्रवारपर्यंत कुरियर कर. स्टेटमेंटच्या फाइलचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस, मला फोन करून सांग. सही बँकेत आहे तशीच कर, तू हल्ली आडनाव गाळतेस.

तुझी,
आई