चर्चेला वळण लावणाऱ्या ताईंना जाहीर धन्यवाद

ताई, सप्रेम नमस्कार.

फवारणीच्या नोंदी ठेवणारं आपलं ओपन सोर्स अ‍ॅप आता निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार वापरू लागलेत. कौतुक कोड लिहिणाऱ्यांचं होतंय. होऊ दे. पण कोडआधीची बोलणी तुम्ही मार्गी लावलीत, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

तुम्ही आलात तेव्हा द्राक्षावरच्या डावणी रोगाचं औषध, सर्व्हरचं बिल आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं. तुम्ही सगळ्यांना ईमेलवर आणलंत. एका विषयाला एक धागा, बस. जुन्या मेलला रिप्लाय देताना नुसती विषयाची ओळ बदलून भागत नाही, आतल्या ‘इन-रिप्लाय-टू’मध्ये जुन्याच मेलची खूण राहते आणि नवी चर्चा जुन्या धाग्यात जाऊन बसते, हे तुम्ही मेलचं हेडर, म्हणजे एरवी न दिसणारी माहिती, उघडून दाखवलंत. तेव्हापासून नवा विषय म्हणजे कोरा मेल.

पीएचआयचा, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं याचा वाद आठवतो? एका टाकीत दोन औषधं मारली, तर काढणीसाठी थांबायचे दिवस कोणत्या औषधाचे धरायचे? आम्हाला दोन्ही तारखा दाखवायच्या होत्या, बागायतदारांना एकच हवी होती. तुम्ही अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्या संस्थेची रीत आणलीत: प्रस्ताव मांडायचा, ७२ तास थांबायचं, हरकत आली नाही तर पुढे जायचं. कोडमधल्या बदलाला ‘उणे एक’, म्हणजे विरोधाचं मत द्यायचं तर तांत्रिक कारण द्यायचं, ‘मला पटत नाही’ एवढ्यावर अडवायचं नाही. जगाच्या पाठीवर कुठेही बसलेल्यांना वेळ मिळावा म्हणून असलेली ही मुदत अंबडच्या कारखान्यांतल्या रात्रपाळीलाही पुरली आणि द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या धांदलीलाही.

पिंपळगावचे काका मेल लिहीत नाहीत. तुम्ही त्यांना फोन करायचात, बोलणं उतरवून त्यांनाच वाचून दाखवायचात, मग त्यांच्या नावाने धाग्यात टाकायचात. शेवटी त्यांचंच म्हणणं टिकलं: उशिराची तारीख वर ठळक, बाकी तपशील खाली. मिसळ खाताना ठरलेलं काहीही लेखी आल्याशिवाय ठरलेलं नाही, हे तुमचं तुणतुणं मात्र सुरुवातीला जाचायचं, खोटं कशाला बोलू!

आणि ते सारांश. धागा संपला की काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, काय राहिलं, एवढंच. परवा एका नव्या मुलीने ‘तारीख अशी का काढता?’ विचारलं. मी तुमचा सारांश पाठवला. तो वाचून तिने कोड तपासला, जुनी नोंद दुरुस्त केली तर तारीख बदलत नाही हे शोधलं आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोडही पाठवला. तिला कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही.

यंदाच्या हंगामात सारांशाचं काम मी आणि ती वाटून घेतोय. पहिले दोन-चार तुम्ही नजरेखालून घाला, आणि विषयाची ओळ मोघम वाटली तर नेहमीसारखं सर्वांदेखत सांगा.

आपला,
गंगापूर रोडवरचा कोडवाला, नाशिक