आठवड्यात निकाल कसला लावता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडांवरच्या लेखात ‘व्हायोलंट फेम्स’ची दीड ओळीत वासलात लावली आहे. आधीच्या अल्बमनंतर १६ वर्षांनी, २०१६ मध्ये या बँडने ‘वी कॅन डू एनिथिंग’ हा अल्बम काढला, तो शिळ्या कढीला ऊत निघाला आणि आठवड्याभरात श्रोत्यांनी नाकारला, असं लेखक म्हणतात. वर्षं बरोबर आहेत. बाकीच्यासाठी हे पत्र.

१९९० साली मी अमेरिकेत, या बँडच्या गावी, मिलवॉकीत शिकत होतो. येता-जाता ओरिएंटल थिएटर लागायचं. १९८१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याच बाहेर फुटपाथवर ही तीन पोरं वाजवत होती. आत प्रिटेंडर्स या नावाजलेल्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्यांचा गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट याने या पोरांना ऐकलं आणि त्याच रात्री त्यांना आत थोडी गाणी वाजवायला मिळाली. पहिला अल्बम आला १९८३ मध्ये. माझ्या रूममेटकडे त्याची कॅसेट होती, वर बॉलपेनने नाव लिहिलेली, दुसऱ्या बाजूला आवाज घरघरणारी. हा अल्बम १९९१ मध्ये प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रती. तोवर बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, पहिल्या २०० मध्ये तो एकदाही आला नव्हता! (आमची कॅसेट त्या दहा लाखांत नाही, ती कॉपी केलेली होती.) ज्या बँडचा पहिलाच अल्बम लोकांपर्यंत पोचायला आठ वर्षं लागली, त्याच्या उतारवयातल्या अल्बमचा निकाल आठवड्याभरात लावायचा?

मला स्वतःला २०१६ चा अल्बम पहिल्यांदा आवडला नव्हता, हे कबूल करतो. बँडचा गायक गॉर्डन गॅनो याने आपल्या जुन्या कॅसेटी आणि वह्या उपसून गाणी काढली होती. बावन्नाव्या वर्षी पोरसवदा कुरकुर कशाला, असं वाटलं. दोन-तीन गाणी खरोखरच पोरकट आहेत. पण एका रात्री हेडफोन लावून फक्त बेस (खालच्या सुरांची गिटार) ऐकत बसलो. ब्रायन रिची वाजवतो तो अकूस्टिक बेस, भल्या मोठ्या पोटाचा. मागे बसून ताल सांभाळणं त्याला माहीतच नाही, गॅनोने ओळ टाकली की हा लगेच उलट उत्तर देतो. याच रिचीने २००७ मध्ये गॅनोला कोर्टात खेचलं होतं, त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं हॅम्बर्गरच्या जाहिरातीला गेलं म्हणून. बँड मोडला, २०१३ मध्ये पुन्हा जमला. त्यानंतरची ही गाण्यातली वादावादी मला तरी शिळी वाटली नाही.

‘श्रोत्यांनी नाकारला’ हेही धड खरं नाही. ‘अगदी पूर्वीसारखेच वाजतात’ म्हणून काही खूश झाले आणि नेमक्या त्याच कारणासाठी काहींनी झोडपलं. मग आमच्यासारख्यांनी स्वतः ऐकूनच ठरवायचं ना, दहा तर गाणी, अर्ध्या तासाहून थोडी जास्त?

जाता जाता एक दुरुस्ती. हा बँडचा ‘अखेरचा अल्बम’ असं लेखात छापलं आहे. २०१९ मध्ये त्यांचा ‘हॉटेल लास्ट रिसॉर्ट’ आला, त्याच्या शीर्षकगीतात ‘टेलिव्हिजन’ या बँडच्या टॉम व्हर्लेनची गिटार आहे. तेवढं पुढच्या रविवारी छापावं.

आपला,
एक जुना वाचक