एसी पंपामुळे (टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा पंप) गाडी बंद पडणे आणि दोष रेडिएटरचा सांगून रेडिएटर विकणे, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी पेट्रोल इंजिनाची. तिच्या जुन्या एसी पंपाचा पडदा फाटला म्हणून 'इथेनॉलच्या पेट्रोललाही टिकेल' असं सांगून विकला जाणारा तुमचा पंप मागवला. आमच्या आर्वीच्या मिस्त्रीने तो पत्रकाबरहुकूम बसवला. तेव्हापासून सकाळी गाडीची काही कुरकुर नसते, पण दुपारी सत्याग्रही घाटात ट्रकमागे रांगू लागली की गचके खाऊन बंद पडते.

हेल्पलाइनवर 'गाडी तापते' एवढं ऐकताच तुमच्या माणसाने रेडिएटर चोक झाल्याचा निकाल देऊन टाकला. तापमानाचा काटा कुठे असतो, पाणी उकळतं का, काहीच विचारलं नाही. रेडिएटरही तुमचाच घेतला. गाडी पुन्हा त्याच घाटात उभी!

मग मिस्त्रीला सोबत नेलं. काटा अर्ध्यावर होता, रेडिएटरचं पाणी शांत होतं, प्लगला निळी ठिणगी होती. कॉइलची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारला, तर धार पडायच्या ऐवजी फुसफुसत फेस आला. पंप इतका तापला होता की हात लावायची सोय नव्हती. ओला दुपट्टा पंपावर गुंडाळून थोडा वेळ थांबलो. पुन्हा सेल्फ मारल्यावर सरळ धार आली आणि पाइप जोडताच गाडी सुरू झाली. म्हणजे इंजिन ठीक होतं, पंपात पेट्रोलची वाफ होत होती.

कारण तुमच्याच पत्रकात आहे: 'जुना बेकलाइटचा ठोकळा काढून टाकावा.' इंजिनाच्या ब्लॉकची उष्णता पंपात जाऊ नये म्हणूनच तो ठोकळा असतो. तुम्ही त्याच्या जागी कागदी पॅकिंग दिलं. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा आत दाब कमी होतो, त्यामुळे तापलेलं पेट्रोल आणखी लवकर उकळतं. आणि वाफ नुसतीच दबते, पुढे सरकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. पंपाची चाचणी कुठे घेतली कोण जाणे, वर्ध्याच्या उन्हात नक्कीच नाही. जुना ठोकळा परत लावून पाहिला, तर तुमच्या पंपाची लिव्हर आखूड पडते आणि पेट्रोल पुरत नाही.

इथेनॉलचं कारण कृपया पुढे करू नका. गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जुना पंप याच पेट्रोलवर हाच घाट चढला होता.

पंप आणि रेडिएटर दोन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, नेण्याचा खर्च तुमचा. पत्रकातली ती ओळही काढावी, नाहीतर माझ्यासारखे आणखी लोक भर उन्हात रस्त्यावर उभे राहतील. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोन्ही बिलं, पत्रकाची प्रत आणि बाटलीतल्या फेसाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक
आर्वी, जि. वर्धा