देवगिरीला अर्धा दिवस तरी द्या!

मा. संपादक,
स. न.

शाळांच्या सहलींचा सीझन सुरू झालाय म्हणून लिहितोय. आमच्या जालन्याकडच्या शाळांचं ठरलेलं पॅकेज असतं, पहाटे बस निघते, वेरूळ, भद्रा मारुती, देवगिरी किल्ला, पाणचक्की, मकबरा आणि रात्री घरी. त्यात किल्ल्याच्या वाट्याला येतो तास-दीड तास. यंदा भाचीच्या शाळेबरोबर गेलो तर पोरं धापा टाकत वर माथ्याजवळच्या बारादरी महालापर्यंत पळाली, ग्रुप फोटो झाला की लगेच सरांची शिट्टी, चला चला! खाली आल्यावर भाचीला विचारलं काय बघितलंस गं, तर म्हणे "पायऱ्या आणि वानरं". वानरांनी तिचा डबाच पळवला होता म्हणा.

अहो पण हा किल्ला बांधलाय तोच मुळी कुणी वर पोचू नये म्हणून, मग धावत वर जाऊन काय कळणार? दरवाज्यांतून वळणं घेत जावं लागतं, म्हणजे हत्तीला धडक मारायला पळायला जागाच नाही, त्यात दारांवर लोखंडी सुळे. पुढे डोंगराचा खालचा भागच चहूबाजूंनी छिन्नीने तासून भिंतीसारखा सरळ उभा केलाय, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, आत जायला एकच पूल आणि मग ती अंधारी, म्हणजे वर जाणारा काळोखा भुयारी रस्ता. तिच्या वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून आत धूर सोडायची सोय होती. आमची पोरं तिथून मोबाइलचे टॉर्च लावून किंचाळत पार झाली, वटवाघळं बिचारी सैरावैरा. टॉर्च बंद करून मिनिटभर गप्प उभं करा की त्यांना, पुस्तकातला अख्खा धडा डोक्यात शिरेल!

एवढा बंदोबस्त असून १२९६ मध्ये इथल्या यादव राजा रामदेवरायाला अल्लाउद्दीन खिलजीपुढे हार मानावी लागली, कारण फौज बाहेर गेलेली आणि घाईत धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत निघालं मीठ, असं सांगतात. ही गोष्ट कुठलं पोरगं विसरेल सांगा. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह, त्याला औरंगजेबाने कैदेत ठेवलं तो चिनी महाल वाटेतच आहे, निळ्या टाइल्सचे तुकडे अजून दिसतात, तिथेही कुणी थांबलं नाही. आणि एकनाथ महाराजांनी रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधली ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ, पण जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते नि नाथ पैठणहून त्यांच्याकडे इथेच आले होते हे एकाही पोराला माहीत नव्हतं.

शिक्षकांना एवढंच सांगणं आहे की यादीतली दोन ठिकाणं गाळा, सकाळी ऊन चढायच्या आत किल्ल्यावर जा, आणि सगळ्यांना बारादरीपर्यंत नेलंच पाहिजे असं काही नाही, अंधारीपर्यंत नीट दाखवलं तरी पुष्कळ. नाहीतरी मंगळवारी वेरूळ बंद असतं, तो दिवस देवगिरीला देऊन टाका.

— एक पालक, जालना