उंबरठ्याबाहेरची परटीण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी याच सदरात एका गृहस्थांनी लिहिले होते की, वाचनालयांनी व्हॅम्पायरच्या प्रेमकथा ठेवू नयेत. त्यांत ना इतिहास असतो, ना समाज. मी पंचवटीत राहत्या घरी 19 वर्षे छोटे वाचनालय चालवते. तशी एक कादंबरी माझ्या कपाटात आहे, म्हणून हे पत्र.

गोष्ट जुन्या युरोपातली. गढीवरचा सरदार आणि त्याच गढीची परटीण, दोघेही व्हॅम्पायर, आणि त्यांचे प्रेम. मेल्यावरही तो सरदारच आणि ती परटीणच. तो चांदीच्या पेल्यातून रक्त पितो, तिला गोठ्यातल्या जनावरांवर भागवावे लागते. कोणी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, हा नियम दोघांनाही लागू. पण त्याला घरोघरची आमंत्रणे. तिला ‘आत ये’ असे कुणी म्हणतच नाही. माझ्या एक सभासद चार घरची धुणीभांडी करतात. पुस्तक परत देताना त्यांनी नेमके ते पान उघडले. कडेला हळदीच्या बोटाचा डाग होता. “ताई, हे मी दोनदा वाचलं,” एवढेच म्हणाल्या.

राहिला इतिहास. व्हॅम्पायर मुळात सरदार नव्हताच. 1725 मध्ये सर्बियातल्या किसिलोवा गावात ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने ज्याचे थडगे उघडल्याची नोंद केली, तो साधा शेतकरी होता. गावात पटापट माणसे दगावू लागली की लोक आधी पुरलेल्यावर संशय घेत, थडगे उकरत, आणि प्रेत फुगलेले, लालसर दिसले की त्याच्या छातीत खुंटी ठोकत. पुढे 1819 मध्ये पॉलिडोरी या इंग्रज डॉक्टरने आपल्या कथेत व्हॅम्पायरला लॉर्ड केले, आणि 1897 मध्ये ड्रॅक्युला आला तो काउंट म्हणूनच. शेतकरी मागे पडला. ज्या कादंबरीत परटीण पुन्हा दिसते, तिच्यात इतिहास नाही असे कसे म्हणावे?

आणि समाज म्हणाल, तर आमच्या आजीची भुते आठवा. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध होई, मुंज झालेला मुलगा गेला तर पिंपळावरचा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. मेल्यावरसुद्धा प्रत्येकाची जागा ठरलेली.

माझ्या घरापासून काळाराम मंदिर पाच मिनिटांवर आहे. मार्च 1930 मध्ये डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या सत्याग्रहींसमोर त्याचे दरवाजे बंद ठेवले होते. ती कुणाच्या कल्पनेतली पात्रे नव्हती, दर्शन मागणारी हाडामांसाची माणसे होती. त्या बाईंनी पान उघडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच दरवाजे आले.

कादंबरीचा शेवट मात्र मला पटलेला नाही. लग्न होताच नायिका सरदारीण होते, गढीत राहायला जाते, आणि तिच्यासोबत नदीवर कपडे धुणाऱ्या बाकीच्या जणी बाहेरच राहतात. लेखणी तिथे कचरली असे मला वाटते. त्या इतर जणींचे काय झाले, हे दोन वाचक मुलींनीही मला विचारले.

पुस्तक सध्या नाशिकरोडच्या एका सभासदाकडे आहे, गुरुवारी परत येईल. पत्रलेखक गृहस्थांनी ते जरूर वाचावे. त्यांच्यासाठी वहीत पुढचा क्रमांक राखून ठेवला आहे, अनामत नको.

आपली,
एक वाचनालयचालक, पंचवटी, नाशिक