घोड्याला गोड देताना

ठाणे (पश्चिम)

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. खारघरला ईरा घोडेस्वारी शिकू लागली हे वाचून आनंद झाला. तिला दर रविवारी घोड्यासाठी गूळ, पेढे आणि गाजरे न्यायची आहेत, त्यातले काय चालेल असे तू विचारले आहेस. आधी विचारलेस हे फार बरे केलेस, कारण घोड्याला उलटी होत नाही. एकदा पोटात गेलेले चुकीचे खाणे त्याला बाहेर टाकता येत नाही आणि पोटाचे दुखणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

घोडा हा दिवसभर थोडेथोडे गवत चघळणारा प्राणी आहे. चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुका चारा लागतो, पण त्याचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते आणि चाऱ्याचा बराचसा भाग मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव पचवतात. पोळी, ब्रेड, भात किंवा चंदी (घोड्याचा धान्याचा खुराक) एकदम जास्त झाली, की न पचलेला स्टार्च तिथे जाऊन आंबतो, गॅस धरतो आणि पोटशूळ उठतो. साखरेचा धोका निराळा आहे. वय झालेल्या किंवा अंगाने सुटलेल्या घोड्याच्या रक्तातील इन्सुलिन गोडाने फार वाढते आणि त्यातून खुरातील हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. या लॅमिनायटिसने घोड्याला पाऊल टेकवणेही असह्य होते.

म्हणून पेढे नकोतच. वाढ पूर्ण झालेल्या घोड्याला दूध नीट पचत नाही. चॉकलेट तर विषारीच समज. कांदा, बटाटा आणि ॲव्होकॅडोही दूर ठेव. गुळाचा सुपारीएवढा खडा निरोगी घोड्याला चालतो, पण गाजर त्याहून चांगले. वाशीच्या मार्केटमधून आणलेली गाजरे स्वच्छ धुऊन त्यांच्या बोटभर लांबीच्या उभ्या फोडी कर. गोल चकत्या करू नकोस, कारण त्या अन्ननलिकेत अडकू शकतात. सफरचंदाच्याही बिया काढून फोडी कराव्यात. घास अडकलाच, तर घोडा मान ताणतो आणि त्याच्या नाकपुड्यांतून लाळ व चघळलेला चारा येऊ लागतो; अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, समोरचे खाणे काढून घ्यावे आणि पशुवैद्यांना बोलवावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र मोजणी. ईरा एकच खडा देईल, पण त्याच घोड्यावर बसणारी आणखी दहा मुले प्रत्येकी एक खडा घेऊन आली, तर दिवसाचा हिशेब कोण ठेवणार? लग्नसराईत आपल्या ठाण्यात वरातीच्या घोडीचे हेच होते. बँडच्या गोंगाटात ती तासन्‌तास उभी असते आणि जो तो मायेने तिच्या तोंडात बुंदीचा लाडू घालतो. ते पाहून मला फार वाईट वाटते. घोड्याला आज काय मिळाले आणि त्याचे दुखणेखुपणे काय आहे, हे फक्त त्याची देखभाल करणाऱ्या सईसाला ठाऊक असते. म्हणून ईराने आधी त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर फोडी त्याच्याच हाती द्याव्यात. तो त्या उद्याच्या चाऱ्यात घालील.

भरवायची पद्धतही तिला शिकव. स्वारीनंतर घोड्याचा श्वास शांत होऊ द्यावा. मग तळहात ताठ आणि सपाट ठेवून, अंगठा बोटांना चिकटवून फोड मधोमध ठेवावी. नाकाखालची वस्तू घोड्याला दिसत नाही. तो ओठांनी आणि त्यावरच्या राठ केसांनी चाचपून ती उचलतो. वाकलेली बोटे त्याला गाजरासारखीच लागतात. तो खिसे हुंगू लागला किंवा ढकलू लागला, तर हातातून देणे थांबवून फोडी बादलीत टाकाव्यात.

पुढच्या रविवारी मी खारघरला येऊ शकेन. सईसाला वेळ कधी असतो ते तेवढे विचारून कळव. वहिनींना नमस्कार, चि. ईराला अनेक आशीर्वाद.

तुझा,
मोहन