केसबुकांचा ताळा रजिस्टरशी घ्या

संपादक महोदय,

परिचारिका कमी पडतात म्हटले की नवी नर्सिंग कॉलेजे आणि वाढीव जागा हाच उपाय पुढे येतो. त्या मुलींना शिकायला बाळंतपणे कुठून आणायची, हे मात्र कुणी विचारत नाही. समजा, 40 जणींच्या वर्गात प्रत्येकीने 10 प्रसूती स्वतः करायच्या. म्हणजे 400 हव्यात. संलग्न रुग्णालयात महिन्याला 60 बाळंतपणे होत असतील आणि निम्मी सिझेरियन, तर वर्षाला नैसर्गिक प्रसूती उरतात 360. त्यातही इंटर्न डॉक्टर वाटेकरी. तरी परीक्षेआधी सगळ्यांची केसबुके, म्हणजे प्रसूतींच्या नोंदवह्या, भरलेली! एकच बाळंतपण चौघींच्या वहीत चढते. हात एकीचा लागलेला असतो, बाकीच्या बघ्या.

ही उणीव पुढे लेबर रूममध्ये उघडी पडते. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाची प्रगती वेळोवेळी नोंदायचा आलेख, बाळंतपण उरकल्यावर आठवून भरला जातो, म्हणून त्यातली रेघ संशय यावा इतकी सरळ. बाळ जन्मल्यावर पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन हे औषध 10 युनिट स्नायूत द्यायचे, हे सर्वांना पाठ असते. पण ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचे असते. सकाळपासून ट्रेमध्ये पडलेल्या अँप्यूलचा भरवसा नाही, हे लक्षात येत नाही. न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने (तोंडावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबत) श्वास सुरू करावा लागतो, मिनिटाला 40 ते 60. हात बसलेला नसला की मास्कच्या कडेने हवा निसटते, मान गरजेपेक्षा मागे जाते आणि छाती हलते का, हे पाहायचेच राहते. हे पुतळ्यावर शिकता येते. पुतळा तपासणीच्या दिवशीच कपाटाबाहेर येत असेल तर काय शिकणार?

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिडवाइफरीचा, म्हणजे प्रसूती परिचर्येचा, 18 महिन्यांचा अभ्यासक्रम आला, तो नोंदणीकृत परिचारिकांसाठी. पाया कच्चा असेल तर तिथला वेळ आधीचे गिरवण्यातच जाईल.

आमची सूचना बिनखर्चाची आहे. केसबुकात 'पाहिली', 'मदत केली', 'स्वतः केली' असे वेगळे रकाने ठेवून प्रत्येक नोंदीपुढे रुग्णालयाच्या प्रसूती रजिस्टरमधला क्रमांक लिहावा. 'स्वतः केली'खाली एक क्रमांक एकाच विद्यार्थिनीच्या नावावर यावा. ट्यूटरची पाळी रात्रीही लावावी. बाळंतपणे कॉलेजची वेळ पाळत नाहीत. तपासणी पथकाने इमारतीचे चौरस फूट मोजण्याआधी हा ताळा घ्यावा आणि तो जिथे जुळत नाही, तिथल्या जागा पुढच्या वर्षी कमी कराव्यात.

— प्रसूती परिचर्या शिकवणाऱ्या दोन अध्यापिका